ऑक्टोपसच्या फॅटची बेरीज जुळत नाहीये

वहीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर गेलेली दिसली, तेव्हापासून जे काही पोटात जातं ते वहीत लिहून ठेवतोय. आधी मोबाइलवर अ‍ॅप वापरत होतो. या धाग्यातला घोळ त्यानेच घातला, म्हणून वहीवर आलो.

तर झालं असं. घरी ऑक्टोपस झाला होता. १०० ग्रॅमची नोंद करायला गेलो तर अ‍ॅपने १६४ कॅलरी आणि २.०८ ग्रॅम फॅट दाखवलं. पाकिटावर याच्या जवळपास निम्मे आकडे. मग थेट अमेरिकेच्या कृषी विभागाची सारणी उघडली. तिथे कच्च्या ऑक्टोपसला १०० ग्रॅममागे ८२ कॅलरी, प्रोटीन १४.९१ ग्रॅम, फॅट १.०४ ग्रॅम.

इथपर्यंत ठीक. पण फॅटची फोड बघा: सॅच्युरेटेड ०.२२७, मोनोअनसॅच्युरेटेड ०.१६२, पॉलीअनसॅच्युरेटेड ०.२३९. बेरीज ०.६२८. एकूण फॅट १.०४. उरलेलं ०.४१२ ग्रॅम गेलं कुठे? दोन-तीन टक्क्यांचा फरक असता तर सोडून दिलं असतं, पण हे चाळीस टक्के आहे! बँकेच्या पासबुकात असं दिसलं असतं तर मी काउंटरवर जाऊन बसलो असतो.

ट्रान्स फॅट आहे का ते? की टायपिंगची चूक? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रात्रपाळी

आठ हात आहेत हो त्याला. पळवलं असेल.

बाकी १६४ आणि ८२ चं कोडं सोपं आहे. एक शिजवलेल्याचा आकडा, एक कच्च्याचा. शिजताना पाणी जातं, ऐवज तेवढाच राहतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझा पास. खडूफळा सरांची वाट बघतो.

---

मोजपट्टी

रात्रपाळी, बरोबर, पण त्यात एक मजा आहे. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा.

प्रोटीन १४.९१ चं २९.८२. फॅट १.०४ चं २.०८. कोलेस्टेरॉल ४८ मिलिग्रॅमचं ९६. सोडियम २३० चं ४६०. सेलेनियम ४४.८ मायक्रोग्रॅमचं ८९.६. सगळं दशांशापर्यंत दुप्पट! आता लोह बघा, ५.३ चं ९.५४. बी-१२ जीवनसत्त्व २० चं ३६. पोटॅशियम ३५० चं ६३०. हे तिन्ही बरोबर १.८ पट, म्हणजे दुप्पट करून त्यातून दहा टक्के शिजवणीचं नुकसान वजा.

खरा ऑक्टोपस शिजवून प्रयोगशाळेत नेला तर इतके शिस्तीत आकडे येत नाहीत. मला तरी हे स्पष्ट दिसतंय की शिजवलेला रकाना मोजलेला नाही, कच्च्यावरून हिशोबाने काढलेला आहे. 'शिजल्यावर वजन निम्मं होतं' असं धरलं आणि गुणाकार केला. त्यात लबाडी काही नाही, अन्नाच्या सारण्यांमध्ये असं सर्रास करतात. पण तुमच्या पातेल्यात वजन खरंच निम्मं झालं नसेल, तर १६४ हा आकडा तुमच्यासाठी नाही.

---

वाफाळ

मी मोजलंय! साफ केलेला ६०० ग्रॅमचा, झाकण ठेवून मंद आचेवर, वरून पाणी न घालता. पाऊण तासाने ३२५ ग्रॅम उरला आणि पातेल्यात भरपूर गुलाबी-जांभळं पाणी. म्हणजे निम्म्याच्या जवळ. पण एकदा घाईत उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवला होता, तेव्हा इतका आटला नव्हता (आणि चावताना जबडा दुखला तो वेगळाच).

वहीवाला, तुम्ही कच्चं वजन लिहा. शिजल्यावर तो किती आटेल ते त्याच्या मर्जीवर असतं.

---

खडूफळा

उशीर झाला, उत्तरपत्रिका तपासत होतो.

वहीवाला, तुमचं ०.४१२ कुठेही गेलेलं नाही. ते फॅटच आहे, पण फॅटी अ‍ॅसिड नाही. ट्रान्स फॅट तर मुळीच नाही.

आपण 'फॅट' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तेल किंवा तूप येतं. तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेली तीन फॅटी अ‍ॅसिडं. कण्याचं वजन नगण्य, त्यामुळे १०० ग्रॅम तेलात फॅटी अ‍ॅसिडं ९५ ग्रॅमच्या आसपास भरतात. बाटलीवरची बेरीज जवळजवळ जुळते आणि आपल्याला तीच सवय लागते.

ऑक्टोपसच्या मांसात ट्रायग्लिसराइड फार थोडी. तिथे आहेत ती मुख्यतः फॉस्फोलिपिडं, म्हणजे प्रत्येक पेशीचं वेष्टण ज्याचं बनलेलं असतं तो पदार्थ. त्याच्या कण्यावर फॅटी अ‍ॅसिडं दोनच. तिसऱ्या जागी फॉस्फेट आणि त्याला चिकटलेला कोलीनसारखा एखादा गट. हा भाग वजनदार असतो. एका नेहमीच्या रेणूचं उदाहरण घ्या: फॉस्फॅटिडिलकोलीन, एका बाजूला पामिटिक हे सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड आणि दुसऱ्या बाजूला डीएचए हे ओमेगा-३. रेणूभार ८०६. त्यातली दोन फॅटी अ‍ॅसिडं मिळून ५८४. म्हणजे ७२ टक्के. उरलेला २८ टक्के भाग 'एकूण फॅट'मध्ये मोजला जातो, पण सॅच्युरेटेड-अनसॅच्युरेटेडच्या रकान्यात येत नाही.

त्यात कोलेस्टेरॉल मिळवा. तेही प्रयोगशाळेत द्रावकात विरघळून एकूण फॅटमध्येच येतं: ४८ मिलिग्रॅम म्हणजे ०.०४८ ग्रॅम, एकूणाच्या पाचेक टक्के. शिवाय मृदुकाय प्राण्यांमध्ये प्लाझमॅलोजेन नावाची फॉस्फोलिपिडं बरीच असतात. त्यांची एक साखळी फॅटी अ‍ॅसिडच्या रूपात नसतेच, म्हणून त्या मोजणीतून निसटते. असं करत करत ९५ टक्क्यांवरून साठीपर्यंत घसरण होते. तुमचा भागाकार, ०.६२८ भागिले १.०४, साठ टक्केच येतो ना?

आपल्या भाषेत यासाठी चांगली सोय आहे. ऑक्टोपसमध्ये स्निग्धांश आहे, चरबी नाही. चरबी म्हणजे कोठारातलं तूप. हा भिंतींचा गिलावा आहे.

---

हळदीचं_बोट

सर, गिलाव्यापर्यंत पोचले, रेणूभार डोक्यावरून गेला 😄

पण मग कोठार कुठे आहे? प्रत्येक प्राणी कुठेतरी साठवतोच की.

---

खडूफळा

@हळदीचं_बोट, चांगला प्रश्न. थोडंफार साठवतो तो पाचकग्रंथीत, आपण ज्याला ढोबळपणे यकृत म्हणू. ती तेलकट असते आणि साफ करताना डोक्यातल्या बाकीच्या अवयवांबरोबर फेकली जाते. हातांच्या मांसात साठा नाही.

आणि मुळात त्याचा कारभारच प्रोटीनवर चालतो. खाणं खेकडे आणि शिंपले. तेही प्रोटीनचंच. उपास पडला तर आपण चरबी जाळतो, ऑक्टोपस प्रामुख्याने स्वतःचे स्नायू जाळतो. मादी अंडी घातल्यावर ती राखत बसते आणि खाणं सोडते. अंडी फुटेपर्यंत ती अक्षरशः स्वतःच्या मांसावर जगते आणि मग मरते. कोठार भरलेलं असतं तर अशी वेळ आली नसती.

---

टोकदार

म्हणजे जे थोडं फॅट आहे ते उच्च प्रतीचं! ईपीए ०.०७६ आणि डीएचए ०.०८१, मिळून ०.१५७ ग्रॅम ओमेगा-३. एकूण फॅटच्या १५ टक्के. सॅमनमध्येही (मत्स्यशेतीतला, कच्चा) १३.४२ ग्रॅम फॅटमध्ये दोन्ही मिळून १.९६६ ग्रॅम, म्हणजे १५ टक्केच. ऑक्टोपस सॅमनच्या तोडीचा ठरला की! उगाच सॅमनचे गोडवे गातात लोक.

---

मोजपट्टी

टोकदार, भागाकार बरोबर, निष्कर्ष चूक. टक्केवारी फॅटची काढलीत, पण ताटात फॅट नाही, मासा येतो. १०० ग्रॅम सॅमन खाल्ला तर १९६६ मिलिग्रॅम, १०० ग्रॅम ऑक्टोपस खाल्ला तर १५७. बारा पट फरक.

'कॅलरीमागे बघा' असं म्हणाल म्हणून तेही करून ठेवलंय. सॅमन २०८ कॅलरी, कॅलरीमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम. ऑक्टोपस दोनच्याही खाली. थेंबभर अत्तराला घडाभर पाण्याच्या तोडीचं म्हणण्यासारखं झालं हे. सुगंध असेल हो, तहान भागत नाही.

---

टोकदार

अहो पण सॅमनबरोबर ११ ग्रॅम इतर फॅटही येतं, त्याचं काय? वहीवाल्यांना ट्रायग्लिसराइड कमी करायची आहेत, तेल प्यायचं नाहीये.

आणि दिवसाला २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए पुरेसं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली म्हटलंय. १६० ग्रॅम कच्च्या ऑक्टोपसमध्ये ते भागतं. १३१ कॅलरीत. मला हे वाईट वाटत नाही.

---

मोजपट्टी

हे असं सुरुवातीलाच म्हणाला असतात तर मी +१ देऊन झोपले असते. 'ओमेगा-३ची दिवसाची गरज भागवू शकतो' याला हरकत नाही. हरकत 'सॅमनच्या तोडीचा' याला होती.

---

खडूफळा

भांडण मिटलं असेल तर एक भर घालतो. पॉली ०.२३९ मधून ईपीए-डीएचएचे ०.१५७ काढले की ०.०८२ उरतं. त्यात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडचा वाटा असतो, हे ओमेगा-६. ऑक्टोपसमध्ये ते डोळ्यांत भरण्याइतकं असतं. त्याने घाबरून जाऊ नये, मिलिग्रॅममध्ये ते किरकोळच आहे. पण 'समुद्री म्हणजे सगळं ओमेगा-३' हे समीकरण इथे चालत नाही.

---

वाफाळ

आकड्यांच्या मारामारीत कुणी कढईबद्दल बोलतच नाहीये. मूळचं फॅट एक ग्रॅम. त्यावर चमचाभर तेल ओतलं की साडेचार ग्रॅम वरून आले! पीठ लावून तळला तर विचारूच नका. ऑक्टोपसचा तळलेला आकडा मला मिळाला नाही, पण त्याच सारणीत स्क्विड आहे: कच्चा १.३८ ग्रॅम, पीठ लावून तळलेला ७.४८. इतकी चर्चा ज्या गिलाव्याची चाललीय तो त्या तेलात दिसणारसुद्धा नाही.

---

रात्रपाळी

अवांतर: स्क्विड म्हणजे माकूल ना? मी आजवर दोन्ही एकच समजत होतो.

---

वाफाळ

बरेच जण समजतात. स्क्विडला आठ हात अधिक दोन लांब सोंडा, आत पारदर्शक पातीसारखं हाड. ऑक्टोपसला आठच हात आणि आत हाड नाहीच. पोषणातही एक मोठा फरक आहे. स्क्विडचं कोलेस्टेरॉल १०० ग्रॅमला २३३ मिलिग्रॅम, ऑक्टोपसचं ४८.

---

बारीक_चाळणी

त्या ४८ वर जरा थांबा.

जपानची अधिकृत अन्नघटक सारणी काढून बघा. मादाको, म्हणजे तिथला नेहमीचा खाण्यातला ऑक्टोपस: कच्चा, १०० ग्रॅम. प्रोटीन १६.४, फॅट ०.७. जुळतंय. पण कोलेस्टेरॉल १५० मिलिग्रॅम! तिप्पट. लोह ०.६ मिलिग्रॅम, अमेरिकेच्या ५.३ समोर. बी-१२ फक्त १.३ मायक्रोग्रॅम, तिकडे २०.

आणि मोजपट्टीताईंच्या दुप्पट प्रकरणाला पुरावा: जपानी सारणीत उकडलेल्याचं प्रोटीन २१.७, म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्शाने जास्त. फॅट ०.७ चं ०.७ च. कोलेस्टेरॉल १५० चं १५० च.

एक कारण जातीचं असू शकतं. मादाकोला पूर्वी ऑक्टोपस व्हल्गॅरिसच म्हणत, आता ऑक्टोपस सायनेन्सिस ही वेगळी जात मानतात. पण जात बदलल्याने बी-१२ पंधरा पट बदलेल हे माझ्या गळी उतरत नाही. ऋतू, वय, कुठला भाग घेतला, पाचकग्रंथीचा अंश राहिला का, मोजायची पद्धत कुठली, सगळंच आलं.

---

हळदीचं_बोट

अरे देवा. मी लोहासाठी ऑक्टोपस बरा असं मैत्रिणीला कालच सांगितलं. हिमोग्लोबिन कमी आहे तिचं.

---

बारीक_चाळणी

फोन करून मागे घ्या 🙂 नऊ पट फरक असलेल्या आकड्यावर कुणाचं हिमोग्लोबिन टांगू नये.

माझं मत विचाराल तर लोहाचा छोटा आकडाच मला पटतो. ऑक्टोपसच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतंच. प्राणवायू वाहून नेतं ते हिमोसायनिन, आणि त्यात लोहाऐवजी तांबं. म्हणून रक्त निळं. लाल मांसातून जसं सहज शोषलं जाणारं लोह मिळतं तशी अपेक्षा इथे ठेवण्यात अर्थ नाही. तांब्याला मात्र वाव आहे: १०० ग्रॅममध्ये ०.४३५ मिलिग्रॅम, प्रौढाची दिवसाची गरज ०.९.

बी-१२ बद्दल एवढं म्हणता येईल की दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅम धरली तर खालचा आकडा घेऊनही निम्मी भागते.

---

वहीवाला

कोलेस्टेरॉल ४८ धरू की १५०? डॉक्टरांनी त्यावरही लक्ष ठेवायला सांगितलंय.

---

खडूफळा

१५० धरा, सावध राहिलेलं बरं. तुलनेसाठी, एका मोठ्या अंड्यात साधारण १८६ असतं.

पण कोलेस्टेरॉलच्या आकड्याला एकटं बघू नका. अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा रक्तातल्या एलडीएलवर (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) जास्त परिणाम होतो, आणि ते इथे पाव ग्रॅमसुद्धा नाही. ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा अमेरिकेच्या २०१५ च्या आहार-मार्गदर्शनातून काढली ती याच विचाराने. अर्थात 'शक्य तितकं कमी' हे शब्द त्यांनी ठेवले. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा, माझी नको.

गंमत म्हणजे खुद्द ऑक्टोपसला कोलेस्टेरॉल शरीरात बनवता येत नाही. ते त्याला खेकड्याकडूनच मिळवावं लागतं. आपलं यकृत ते फुकटात बनवतं, आणि आपण तक्रार करतो.

---

निळी_शाई

वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. घरात दोघं दवाखान्यातले आहेत, त्यामुळे जेवणात हेच विषय.

कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी 'हा तर मृदुकाय, कवचवाला नाही' म्हणून बिनधास्त खाऊ नये. अ‍ॅलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे स्नायूतलं प्रोटीन दोन्हींकडे असतं, त्यात बरंच साम्य असतं आणि शिजवून ते नाहीसं होत नाही. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण पहिला घास घरी एकट्याने घेऊ नये.

गाउट (युरिक अ‍ॅसिड वाढून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं, त्यातल्या प्युरीनपासून युरिक अ‍ॅसिड बनतं. रक्तदाब असलेल्यांनी सोडियम बघावं: कच्च्यातच २३० मिलिग्रॅम, वरून मीठ घालायच्या आधी.

आणि ती पाचकग्रंथी खरंच फेका. कॅडमियम हा विषारी धातू तिथे साठतो. युरोपची किलोला १ मिलिग्रॅम ही कॅडमियमची मर्यादासुद्धा आतले अवयव काढलेल्या प्राण्यासाठी आहे.

---

वाफाळ

पातेल्यातल्या जांभळ्या पाण्याचं काय? मी ते ओतून देत होते.

---

खडूफळा

फॅटच्या दृष्टीने त्यात विशेष नाही, गिलावा भिंतीतच राहतो. पण पाण्यात विरघळणारं सगळं तिथे उतरतं: पोटॅशियम, बी गटातली जीवनसत्त्वं आणि टॉरिन (अमिनो अ‍ॅसिडासारखं एक संयुग). ऑक्टोपस टॉरिनसाठी नावाजलेला आहे. १८२७ साली ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं, नावही त्यावरूनच. त्याच्या फायद्यांचे जे ढोल बडवले जातात ते मी इथे बडवणार नाही. शिवाय स्नायूंभोवतीच्या वेष्टणातल्या कोलॅजनचं जिलेटिन होऊन तेही त्या पाण्यात येतं, म्हणून गार झाल्यावर थरथरतं. खारट नसेल तर आटवून वापरा.

जाता जाता, टॉरिनमध्ये नायट्रोजन असतो. प्रोटीन मोजतात ते नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून. म्हणजे १४.९१ मध्ये टॉरिन आणि त्याची भावंडंही थोडी बसलेली आहेत. आणि कर्बोदकाचे २.२ ग्रॅम तर कुणी मोजलेलेच नाहीत. १०० मधून पाणी, प्रोटीन, फॅट आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करून जे उरलं ते.

---

रात्रपाळी

म्हणजे प्रोटीन पूर्ण प्रोटीन नाही, फॅट पूर्ण फॅट नाही, कर्बोदक म्हणजे शिल्लक, आणि शिजवलेला रकाना म्हणजे पाढा. वहीवाला, अ‍ॅपला माफ करा हो.

---

वहीवाला

सगळ्यांचे आभार. वहीतली आजची ओळ अशी:

ऑक्टोपस, साफ केलेला, कच्चं वजन १५० ग्रॅम. कॅलरी १२३. फॅट दीड ग्रॅम (गिलावा). ओमेगा-३ साधारण पाव ग्रॅमला थोडं कमी. कोलेस्टेरॉल ७२ ते २२५, पेन्सिलीने. लोह: रकाना कोरा. तेल दोन चमचे, ९ ग्रॅम.

शेवटची ओळ लिहिल्यावर जरा वेळ तिच्याकडेच बघत बसलो. ०.४१२ साठी धागा काढला आणि ९ ग्रॅम डोळ्यांदेखत कढईत ओतले.

---

वाफाळ

पुढच्या वेळी त्याच्याच पाण्यात शिजवा, शेवटी अर्धा चमचा तेल. वजन आधी करायला विसरू नका, आणि किती आटला ते इथे येऊन लिहा. मला माझे ३२५ ताडून बघायचेत.